ड्रॉइंग म्हणते एक, पॅनेल सांगते दुसरे

यंत्र बंद पडते. पॅनेलच्या दारामागच्या खिशातून तेलाचे डाग पडलेले ड्रॉइंग बाहेर निघते, आणि दहाव्या मिनिटाला लक्षात येते की त्यातली 47 नंबरची वायर जिथे हवी तिथे नाहीच. लघुउद्योजक, मेंटेनन्स सुपरवायझर, आयटीआय करून नुकतेच कामाला लागलेले वायरमन अशा सगळ्यांना इथे एकच प्रश्न पडतो: आता विश्वास कशावर ठेवायचा, कागदावर की यंत्रावर? काही जण कागद बाजूला टाकतात आणि अंदाजाने वायरी हलवू लागतात. काही जण कागदाला वेदवाक्य मानतात आणि धडधाकट पार्ट बदलत बसतात. दोन्ही वाटा महागात पडतात. कागद आणि यंत्र यांच्यात दिसणारा फरक हा बहुधा कुणीतरी, कधीतरी घेतलेल्या पण कुठेच न नोंदलेल्या निर्णयाचा माग असतो. तो निर्णय कोणता होता हे कळेपर्यंत दोघांपैकी कुणालाही खोटे ठरवू नका. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका सूत्रातून निघतात.

फरक पडतो कसा?

छपाईतल्या चुका असतात, पण फरकाचे मोठे कारण त्या नसतात. ड्रॉइंग बहुतेक वेळा यंत्राच्या आयुष्यात हळूहळू चुकीचे होत जाते. उत्पादक एका मॉडेलसाठी एकच प्रमाणित संच छापतो. त्यात तुमच्या यंत्रावर नसलेले पर्यायही काढलेले असतात. यंत्र बसवायला आलेला इंजिनीअर जागेवर चार बदल करतो आणि ते फक्त स्वतःच्या प्रतीवर लिहून नेतो. पुढे जुन्या मेकचा कॉन्टॅक्टर मिळत नाही म्हणून दुसरा बसतो, स्टार-डेल्टा स्टार्टर जाऊन व्हीएफडी येतो, कूलंट पंप शेजारच्या पॅनेलवरून चालू केला जातो. यातला प्रत्येक बदल त्या वेळी योग्यही असेल, पण कागदावर एकही चढत नाही. जुनी यंत्रे विकत घेणाऱ्यांचा प्रश्न आणखी अवघड असतो. इचलकरंजी, भिवंडीत युरोपातून वापरलेले शटललेस माग मोठ्या संख्येने आले. अशा यंत्राचे ड्रॉइंग मिळाले तरी ते पहिल्या मालकाकडच्या पहिल्या दिवसाचे असते, आणि दरम्यानच्या वर्षांत यंत्रावर काय काय झाले ते त्यात नसते.

फरक दिसला की तीन शक्यता तपासा

- यंत्र बरोबर, ड्रॉइंग जुने: बदल विचार करून केला होता, फक्त नोंदायचा राहिला. इथे ड्रॉइंग दुरुस्त करायचे.
- ड्रॉइंग बरोबर, यंत्र बिघडवलेले: घाईत कुणीतरी बायपास मारला आणि तो तसाच राहिला. इथे यंत्र पूर्ववत करायचे.
- दोन्ही बरोबर, पण जोडी चुकीची: ड्रॉइंग दुसऱ्या सीरियल नंबरच्या यंत्राचे आहे. इथे योग्य ड्रॉइंग मिळवायचे.

दुसरी शक्यता सर्वांत धोक्याची, आणि नेमकी तीच सर्वांत जास्त नजरेआड होते. समजा, एका हायड्रॉलिक प्रेसचा पंप चालू होतो, पण रॅम खाली येत नाही. ड्रॉइंगच्या सातव्या शीटप्रमाणे गार्ड बंद झाला की के-3 हा रिले ओढतो, त्याचा 13-14 कॉन्टॅक्ट मिळतो आणि 47 नंबरच्या वायरीतून 24 व्होल्ट सोलेनॉइड व्हॉल्व्हला जातात. गार्ड बंद केल्यावर के-3 'टक्' करून बसतो, पण 47 वर व्होल्टेज शून्य. कागदावर भरवसा ठेवणारा माणूस म्हणेल की के-3 चा कॉन्टॅक्ट गेला, आणि नवा रिले मागवेल. आता पॅनेलमध्ये बघा. के-3 च्या 14 नंबरच्या स्क्रूखाली काहीच नाही. 47 चे फेरूल पंपाच्या के-5 कॉन्टॅक्टरच्या डोक्यावर बसवलेल्या ऑक्झिलरी ब्लॉकमध्ये, 44 वर सापडते, आणि दोष त्या ब्लॉकमध्ये आहे. के-3 दहा वेळा बदलला तरी प्रेस चालणार नव्हता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पण काम इथे संपत नाही. ऑक्झिलरी ब्लॉक बदलला की प्रेस चालू होईल आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतील. मात्र 47 के-5 वर नेली म्हणजे रॅम आता गार्डवर अवलंबून राहिलेला नाही. पंप चालू असला की झाले, गार्ड उघडा असला तरी रॅम खाली येईल. कधीतरी रात्रपाळीत के-3 चा कॉन्टॅक्ट गेला असेल, स्पेअर नसेल, 'सकाळी बघू' म्हणून वायर सरकवली असेल, आणि ती सकाळ उजाडलीच नसेल. या प्रेसवर ड्रॉइंग जुने असूनही खरे बोलत होते. ते फेकून देणाऱ्याने ऑपरेटरच्या बोटांचे संरक्षणही त्याबरोबर फेकले असते. म्हणूनच, 'ड्रॉइंग चुकीचे आहे' हा निष्कर्ष तपासणीच्या शेवटी काढा.

हातातले ड्रॉइंग नेमके कोणते आहे?

पहिले पान उलटण्याआधी खालच्या उजव्या कोपऱ्यातली चौकट वाचा. पाच मिनिटांच्या या वाचनाने तिसरी शक्यता जवळजवळ निकालात निघते.

- सीरियल नंबर: मॉडेल नंबर जुळणे पुरेसे नाही. एकाच मॉडेलच्या दोन यंत्रांत आतली जोडणी वेगळी असू शकते. यंत्राच्या नेमप्लेटवरचा सीरियल नंबर कागदावर आहे का, ते पाहा.
- रिव्हिजन आणि तारीख: संचातल्या सगळ्या शीट एकाच रिव्हिजनच्या आहेत का? शीट 6 'सी' आणि शीट 7 'ए' असेल तर एका पानावरचा संदर्भ दुसऱ्यावर सापडणार नाही.
- ड्रॉइंगचा प्रकार: सर्किट डायग्रॅम यंत्र कसे चालते ते सांगतो, वायरिंग किंवा टर्मिनल डायग्रॅम कुठली वायर कुठे लावली ते. सर्किट डायग्रॅममध्ये शेजारी दिसणारे दोन पार्ट पॅनेलमध्ये दोन मीटर लांब असू शकतात. ती चूक नव्हे.
- 'ॲज-बिल्ट' शिक्का: हा शिक्का असेल तर निदान बसवण्याच्या दिवसापर्यंतचे बदल त्यात असण्याची आशा आहे. 'फॉर अप्रूव्हल' असे लिहिले असेल तर ते यंत्र तयार होण्यापूर्वीचे ड्रॉइंग आहे.

सप्लाय तुटल्याची खात्री कागदावरून करू नका

जुन्या ड्रॉइंगने चुकीचा पार्ट मागवायला लावला तर पैसे जातात, पण सप्लायबाबत फसवले तर जीव जातो. एक मेन आयसोलेटर बंद केला की सगळे पॅनेल मृत होते, असे कागद म्हणत असेल. नंतर जोडलेला शेजारच्या पॅनेलचा फीड, यूपीएस किंवा जनरेटरची वायर त्यात नसते. म्हणून:

1. आयसोलेटर बंद करा, त्याला कुलूप लावा, किल्ली स्वतःकडे ठेवा आणि फलक टांगा.
2. आधी मल्टिमीटर चालू सप्लायवर तपासा, मग पॅनेलमध्ये प्रत्येक फेज-फेज, फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजा, नंतर मीटर पुन्हा चालू सप्लायवर तपासा. मध्येच मीटर बिघडला तर 'शून्य' फसवे ठरते. टेस्टरचा दिवा लागला नाही, हा पुरावा धरू नका.
3. व्हीएफडी असेल तर उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबा आणि डीसी बस मोजा. 415 व्होल्ट सप्लायवर कपॅसिटरमध्ये सुमारे 585 व्होल्ट डीसी असतात आणि मेन बंद केल्यावरही ते काही मिनिटे टिकतात.
4. नारिंगी वायर दिसली तर थांबा. आयईसी 60204-1 या मानकाप्रमाणे, मेन स्विच बंद करूनही जिवंत राहणाऱ्या सर्किटसाठी हा रंग सुचवलेला आहे.

कागद आणि यंत्र जुळवण्याची पद्धत

सगळे पॅनेल तपासायला बसू नका. जो भाग चालत नाही त्याच्या टोकापासून, म्हणजे सोलेनॉइड, मोटर किंवा दिव्यापासून, मागे सप्लायकडे या. ड्रॉइंगवर प्रत्येक टप्प्याला एक खूण करत चला: जुळले तर बरोबर, नाही तर लाल गोल. तपासताना ज्यावर सर्वांत जास्त भिस्त ठेवावी ते आकडे पार्टवरच छापलेले असतात. कॉइलची टोके ए-1 आणि ए-2. ऑक्झिलरी कॉन्टॅक्टच्या नंबरात शेवटचा आकडा 3-4 असेल तर तो नॉर्मली ओपन, 1-2 असेल तर नॉर्मली क्लोज. ओव्हरलोड रिलेचा 95-96 ट्रिप झाला की उघडतो, 97-98 मिळतो. ड्रॉइंग फाटलेले, परभाषेतले किंवा चुकीचे असले तरी हे आकडे बदलत नाहीत.

- वायर काढण्यापूर्वी फोटो घ्या आणि फेरूल नसेल तर चिकटपट्टीवर नंबर लिहून लावा.
- कंटिन्युइटी तपासताना वायरीचे एक टोक मोकळे करा. नाहीतर दुसऱ्या वाटेने बीप वाजतो आणि दोष लपतो.
- कॉन्टॅक्ट ड्रॉइंगमध्ये सप्लाय नसताना, दाब नसताना आणि लिमिट स्विच न दाबलेल्या स्थितीत काढतात. यंत्र मध्येच थांबलेले असेल तर प्रत्यक्षातला कॉन्टॅक्ट उलटा दिसेल. ती ड्रॉइंगची चूक धरू नका.
- एका स्क्रूखाली दोन वायरी, फेरूल नसलेली वेगळ्या रंगाची वायर, टर्मिनलवरचा छोटा लूप: नोंद न झालेल्या निर्णयाच्या या नेहमीच्या खुणा. तपासणीत त्यांच्याकडे आधी वळा.

जिथे अनुभवी हातही फसतात

- वायरींचे रंग: आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत लाल, पिवळा, निळा हे फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवा अर्थ. आजच्या युरोपीय पद्धतीत तपकिरी, काळा, करडा हे फेज, निळा न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा अर्थ. म्हणजे काळा आणि निळा यांचे अर्थ चक्क अदलाबदल होतात. आयात केलेल्या यंत्रात स्थानिक वायरमनने भर घातली असेल तर एकाच पॅनेलमध्ये दोन्ही पद्धती नांदतात. रंग हा अंदाज समजा, पुरावा मीटर देतो.
- अक्षरांचे अर्थ: जुन्या जर्मन ड्रॉइंगमध्ये मोटरचा कॉन्टॅक्टर 'के' ने दाखवतात. नव्या आयईसी 81346 पद्धतीत तो 'क्यू' खाली जातो आणि 'के' रिलेसाठी उरतो. नवी आवृत्ती मिळाली पण नावे जुळत नाहीत, असे झाले तर आधी हे तपासा.
- सप्लाय: जुनी युरोपीय यंत्रे 380 व्होल्टची, तैवानहून आलेली बरीचशी 60 हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरचे टॅपिंग इथे येताना बदलले असेल आणि कागदावर 380 च राहिले असेल. जळालेला ट्रान्सफॉर्मर मागवताना ड्रॉइंगवरचा नव्हे, वापरात असलेला टॅप पाहा.
- मापे आणि आटे: फोटोकॉपीवर पट्टी ठेवून माप घेऊ नका, प्रत काढताना प्रमाण बदलते. जुन्या इंग्लिश यंत्रांत अर्धा इंची व्हिटवर्थ बोल्ट इंचाला 12 आट्यांचा, तर अमेरिकन यूएनसी 13 आट्यांचा असतो. चुकीचा बोल्ट एकदोन फेरे बसतो आणि मग आटे खातो. थ्रेड गेज लावा.
- प्रोजेक्शन: भारतात आणि युरोपात फर्स्ट अँगल, अमेरिकेत थर्ड अँगल. चौकटीतली छाटलेल्या शंकूची खूण न पाहता ब्रॅकेट बनवला तर तो आरशातल्यासारखा उलटा होतो. ड्रॉइंग बरोबर असते, वाचन चुकते.

ड्रॉइंग मिळतच नसेल तर

नेमप्लेटचा फोटो आणि सीरियल नंबर देऊन उत्पादकाला लेखी विचारा. कंपनी बंद झाली असेल तर तसेच यंत्र वापरणाऱ्या दुसऱ्या कारखान्याकडून प्रत मिळते का पाहा, पण वर सांगितलेली जुळवणी केल्याशिवाय ती वापरू नका. हेही जमले नाही तर स्वतः काढा, मात्र सगळे एकदम काढायला बसू नका. आधी मेन सप्लाय आणि इमर्जन्सी स्टॉपचे सर्किट, मग गार्ड आणि इंटरलॉक, मग मोटरी, बाकीचे ज्या दिवशी तो भाग उघडेल त्या दिवशी. पीएलसी असेल तर यंत्र चालू असतानाच प्रोग्रामची आणि ड्राइव्हच्या पॅरामीटरची प्रत काढून ठेवा. अनेक जुन्या पीएलसींत प्रोग्राम बॅटरीच्या आधारावर टिकतो, बॅटरी संपली की तोही जातो.

तुमचे हक्क

अचूक माहिती मागणे ही उत्पादकाकडे केलेली विनवणी नाही. कारखाने अधिनियम 1948 मध्ये 1987 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 7-ब ने, कारखान्यात वापरायच्या वस्तूंचे डिझायनर, उत्पादक, आयातदार आणि पुरवठादार यांच्यावर, सुरक्षित वापरासाठी पुरेशी माहिती उपलब्ध करण्याची जबाबदारी टाकली. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता 2020 मध्येही याच मंडळींवर तशी जबाबदारी आहे. उत्पादकाला पत्र लिहिताना 'सुरक्षित दुरुस्तीसाठी आवश्यक' हे शब्द म्हणूनच वापरा.

- एका यंत्रावर पोट असणारे: व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूंना ग्राहक संरक्षण कायदा 2019 लागू होत नाही. पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेले यंत्र त्या अपवादात मोडत नाही. कबूल केलेली कागदपत्रे दिली नाहीत तर, कारण घडल्यापासून 2 वर्षांत, जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते.
- शेती अवजारे: केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. कारखान्यातली यंत्रे त्यात नाहीत.
- जुन्या ड्रॉइंगवरून पार्ट बनवणे: कॉपीराइट कायद्याच्या कलम 52(1)(डब्ल्यू) प्रमाणे, तांत्रिक ड्रॉइंगवरून उपयुक्त उपकरणाचा निव्वळ कामाचा भाग औद्योगिक वापरासाठी बनवणे हा कॉपीराइटचा भंग नाही. पेटंट आणि नोंदणीकृत डिझाइन यांचा प्रश्न वेगळा, तो आधी तपासा.
- नवी खरेदी: सगळ्यात खात्रीचा हक्क तुम्ही स्वतः ऑर्डरमध्ये लिहिता. 'सीरियल नंबरसह ॲज-बिल्ट ड्रॉइंग, पीएलसी प्रोग्राम आणि पॅरामीटर यादी मिळाल्यावरच शेवटचा हप्ता' ही अट घाला. पूर्ण पैसे दिल्यावर कागद मागणे म्हणजे वरातीमागून घोडे.

दुरुस्ती संपते कधी?

यंत्र चालू झाल्यावर दुरुस्ती संपली असे मानले, की पुढच्या फरकाचे बी पेरले जाते. ती संपते बदल ड्रॉइंगवर चढल्यावर. यावर काही आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला वेळेचा: उत्पादन खोळंबले असताना लिहीत कोण बसणार? यंत्र बंद असताना कुणीच बसू नये. पण जॉब कार्डवर सही होण्याआधी एक ओळ लिहायला लागणारी पाच मिनिटे, पुढच्या वेळी तीच वायर शोधण्यात जाणाऱ्या अख्ख्या शिफ्टपेक्षा स्वस्त असतात. दुसरा आक्षेप अनुभवाचा: आमच्या जुन्या फिटरना सगळे पाठ आहे. असेलही, पण ते रजेवर जातात, निवृत्त होतात, आणि आठवणीत 'काय केले' टिकते तरी 'का केले' पुसट होते. प्रेसवरची 47 नंबरची वायर अशाच आठवणीने वर्षानुवर्षे 'तिथेच असते' म्हणून मान्य झालेली असते. तिसरा, मूळ कागद खराब होण्याचा. मूळ प्रत ऑफिसात कोरी ठेवा आणि पॅनेलमधल्या प्रतीवर लाल पेनाने लिहा. चौथा नव्या जमान्याचा: पीएलसीत सगळे दिसते. प्रोग्रामला फक्त एक इनपुट चालू आहे एवढे कळते. तो गार्डच्या स्विचमुळे चालू आहे की टर्मिनलवर मारलेल्या लूपमुळे, हे प्रोग्राम सांगू शकत नाही.

उरतो तो सर्वांत जुना आक्षेप: बदल तात्पुरताच तर आहे, त्याचे कसले ड्रॉइंग? इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो इथल्या रसायन कारखान्यात ओळीने सहा रिॲक्टर होते. 1974 मध्ये पाचव्याला तडा गेला म्हणून तो काढला आणि चौथा व सहावा 20 इंची वाकड्या नळीने तात्पुरते जोडले. रिॲक्टरची तोंडे 28 इंची होती. त्या नळीचे ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेली पूर्ण आकाराची आकृती. 1 जून रोजी नळी निखळली, वायूचा ढग पेटला आणि 28 माणसे गेली. कागदावर ड्रॉइंग असते तर नळी मजबूत झाली असती असे नाही. पण ड्रॉइंगवर माप लिहावे लागते, सही करावी लागते, आणि सही करणाऱ्याला 'याला दाब सोसेल का?' हे विचारावे लागते. खडूच्या आकृतीने तो प्रश्न कुणाला विचारलाच नाही. आपल्या पॅनेलमधला लूप लहान असेल, पण नोंद टाळल्याने टळतो तो हाच प्रश्न.

म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर पॅनेलमधल्या प्रतीवर पाच गोष्टी लिहा: शीट, वायर नंबर, काय बदलले, का बदलले, आणि तारखेसह सही. बदल तात्पुरता असेल तर कोणत्या तारखेपर्यंत, तेही लिहा. सहा महिन्यांतून एकदा लाल खुणा मूळ प्रतीवर चढवून नवे रिव्हिजन काढा आणि जुन्या प्रतींवर 'रद्द' असे मारा. त्या प्रेसच्या सातव्या शीटवर ही नोंद एवढीच होईल:

*शीट 7, वायर 47. के-5 च्या 44 वर सापडली, गार्ड बायपास होत होता. के-3 चा 13-14 नवा बसवून वायर मूळ जागी, 14 वर. गार्ड उघडा ठेवून तपासले, रॅम खाली येत नाही. तारीख, सही.*